पाव्हण्याला फक्त गवत

आमच्या म्हातारीच्या हातून कोणी अर्धपोटी उठलं नाही, आणि भरल्या पोटीही सुखानं उठलं नाही. पाव्हण्यानं ताटावर हात आडवा धरला की ती हाताखालून भाकरी सरकवायची. आमचे व्याही तर पुढं पुढं केजच्या स्टँडवरून फोन करून विचारायचे, "विहीणबाई घरी हायत का?" घरी असल्या तर स्टँडवरची न्याहारी बुडवून यायचे.

अशा बाईच्या घरात ससा आला. लेकीनं पुण्यात पाळला होता. घरमालक नको म्हणाला, तर पिंजऱ्यासकट आमच्याकडं आणून ठेवला. मी म्हणालो, "बिनकामाचं जनावर. दूध देईना, राखण करीना." म्हातारी म्हणाली, "तुमी तरी काय देता? ऱ्हाऊ द्या." लेकीच्या घरून आलेला म्हणून ती त्याला पाव्हणं म्हणायची आणि अहो-जाहो करायची.

पाव्हणा म्हटल्यावर पाहुणचार आलाच. लेकीनं फोनवर बजावलं होतं, "आई, त्याला गवत घाल." हिनं फोन ठेवला अन् म्हणाली, "पाव्हण्याला गवत? लोक तोंडात शेण घालतील." मग तूप-गुळात कुस्करलेली भाकरी झाली, शेंगदाण्याचा लाडू झाला. पाव्हण्याचं पोट फुगून ढोलकं झालं. पिशवीत घालून त्याला केजला जनावरांच्या डॉक्टरकडं नेला. डॉक्टरनं विचारलं, "मावशी, काय काय घातलं?" हिनं सगळं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "याला दिवसभर वाळलेलं गवत पाहिजे. वरून थोडा हिरवा पाला. फळ म्हणजे नखाएवढं, तेही कधीतरी. भाकरी, कांदा, बटाटा, बिस्किट एकदम बंद."

ससा औषधानं वाचला. येताना जीपमध्ये तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "लाडानं मारला असता की वो मी."

त्या दिवसापासून बाई फिरली. जन्मभर वाढत आली ती आता राखणीला बसली. हरळीचं गवत आणायची, धुवायची, सुपात वाळवायची. मुळ्याचा पाला निवडायची. कोथिंबिरीची कोवळी पानं पाव्हण्याला, देठं आमच्या आमटीत. मी कुरकुर केली तर म्हणायची, "तुमी कांदा खावा. त्यांला कांदा चालत न्हाई."

दारावर गाडा घेऊन येणारे फळवाले चाचा तिला रोज छेडायचे. "भाभी, सीताफळ घ्या की पाव्हण्याला!"

"बी पोटात गेली म्हंजी? एक केळं द्या."

"एक? लई झालं की ओ भाभी! माझ्या गाड्याची काय इज्जत हाय का न्हाई?"

त्या केळ्याची एक पातळ चकती पाव्हण्याला मिळायची, बाकीचं केळं मला. माझ्या आयुष्यात मी फळं खाल्ली ती सशाच्या पुण्याईनं. मेहुणीनं एकदा पिंजऱ्यात बिस्किट टाकलं, तर हिनं सख्ख्या बहिणीचा हात धरला. "तुला घालायचंच असंल तर तुझ्या तोंडात घाल."

एक दिवस सकाळी ती चहाला उठलीच नाही. कशानं गेली ते डॉक्टरनं सांगितलं, माझ्या काही डोक्यात शिरलं नाही.

घरात चूल पेटत नव्हती. भावकीतून पिठलं-भाकरी यायची. बायका यायच्या, माझ्याकडं बघून रडायच्या, सशाकडं बघून जास्त रडायच्या, आणि मुक्या जिवाची दया म्हणून पिंजऱ्यात भाकरी, शेव, केळी टाकायच्या. ससा कशालाच तोंड लावीना. गवतालासुद्धा नाही. भिंतीकडं तोंड करून बसला. पुण्याहून आलेल्या लेकीनं डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, औषध पाजा, पण गवत पोटात गेलंच पाहिजे. सशाचं पोट बंद पडलं की तो जातो. लेंड्या टाकल्या तर वाचला समजा.

एका घरात दोन मयती मला झेपणार नव्हत्या. मी मेहुणीला म्हणालो, "रडायला आलीस ना? मग रड. भरवू नको." पिंजऱ्यातलं खाणं काढून टाकलं अन् विळा घेऊन निघालो. भावकीतले ओरडले, "सुतकात कुटं चालला?" म्हणालो, "गवताला."

बांधावरची हरळी कापून आणली, पुढ्यात ठेवली. त्यानं ढुंकून बघितलं नाही. मी पिंजऱ्याचं दार उघडून तिथंच भुईवर बसलो. धोतराला एक काडी चिकटली होती. त्यानं मान वळवली, वास घेतला, काडी ओढली आणि कुरुकुरु खाल्ली. मी दुसरी काडी तिथंच खोचली. मग एकेक काडी धोतरात खोचत गेलो, तो उपसून खात गेला. पायाला मुंग्या आल्या. मेहुणी म्हणाली, "दाजी, उठा, दोन घास खावा." म्हणालो, "गप बस. पंगत चालू हाय." त्या पंगतीत धोतराचं एक टोकही गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात लेंड्या पडल्या होत्या. गोल, कोरड्या, हरभऱ्याएवढ्या. मी लेकीला हाका मारून उठवलं. भेटायला आलेल्या सोयऱ्यांना राम राम घालायच्या आधी त्या दाखवल्या. सोयरे एकमेकांकडं बघायला लागले, म्हातारा कामातून गेला म्हणून. लेक डोळे पुसत झाडू घेऊन आली.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे गं. आत्ताच कशाला झाडती? थोडा वेळ बघू दे."