रुबलचे तीन आकडे

१. रविवारी सकाळी, बंगळुरात जे. पी. नगरच्या आमच्या घरी, बाबांनी विचारलं की मी ऑफिसात नेमकं करते काय.

२. मी लॅपटॉप उघडून दाखवलं. कुठलीही दोन चलनं, कुठलाही जुना दिवस, त्या दिवशीचा दर. हे टेबल आमची टीम सांभाळते.

३. बाबा म्हणाले, रुबल आणि रुपया काढ. महिना आणि वर्ष त्यांनीच सांगितलं.

४. स्क्रीनवरचा दर बघून म्हणाले, हे चूक आहे. मग स्वतःचा आकडा सांगितला... दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांसकट.

५. मी वाद घातला नाही. आतल्या खोलीत जाऊन माझ्या शीटमध्ये एक ओळ वाढवली. शेवटच्या रकान्यात लिहिलं: विसरले.

या शीटबद्दल सांगायला हवं. बाबा सत्तरीचे आहेत, इथल्याच एका सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. गेले काही महिने ते गोष्टी विसरतात, म्हणजे... आम्हाला तसं वाटतं.

डॉक्टरांनी सांगितलं, काय काय विसरतात ते लिहून आणा, त्यावरून पुढचं ठरवू. पुढचं म्हणजे आणखी तपासण्या आणि कदाचित औषधं. अपॉइंटमेंट येत्या शनिवारी आहे.

लिहून आणा म्हटल्यावर मी रकाने पाडले. बाबा काय म्हणाले, खरं काय, कशावरून, निष्कर्ष. आईला हा प्रकार आवडलेला नाही. माझीही एक शीट कर म्हणाली, मी तर आमटीत मीठ घालायला विसरते.

चौदा ओळींपैकी रुबलची ओळ मला सगळ्यात पक्की वाटत होती. बाकी ठिकाणी 'खरं काय' हे आईच्या किंवा माझ्या आठवणीवरून भरलेलं होतं. इथे डेटा होता.

तरी खात्री करावी म्हणून सोमवारी देसाईकाकांना फोन केला. ते मूळचे बेळगावचे, आता देवनहळ्ळीकडच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या नव्या वसाहतीत राहतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते आणि बाबा ट्रेनिंगसाठी सोव्हिएत रशियात, एकाच हॉस्टेलवर होते. मी फक्त दर विचारला, कशासाठी ते सांगितलं नाही.

काकांनी तिसराच आकडा सांगितला. टेबलातलाही नाही, बाबांचाही नाही... आणि अगदी बाबांइतक्याच ठामपणे.

मी म्हटलं, काका, हा सरकारी दर नाही. ते हसले.

"सरकारी दर पगाराच्या कागदावर होता की गं. आमचा दर किचनमध्ये ठरायचा. आणि कपाटावर खडूनं लिहायचा कोण? तुझा बाबाच."

मग त्यांनी सगळं समजावलं. परत येणाऱ्याला रुबल देशाबाहेर नेता येत नसत. म्हणून उरलेले रुबल तो नव्याने आलेल्याला द्यायचा आणि त्यांचे रुपये इकडे बंगळुरात एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी पोचायचे. कोण जाणार, कोण येणार, त्यावरून रविवारी जेवणानंतर दर ठरायचा. म्हणजे तो आठवड्याला बदलायचा. बाबांनी सांगितलेला महिना त्यांच्या परतीचा होता, काका त्यानंतर महिनाभराने परतले... त्यामुळे त्यांचा आकडा वेगळा असणं स्वाभाविक आहे. किंवा दोघांपैकी एकाची आठवण चुकते आहे. मला ठरवता येत नाही.

आमच्या टेबलात दोन चलनांच्या जोडीला एका दिवसासाठी एकच दर बसतो. दुसरा टाकला तर सिस्टिम तो नाकारते. ती अट मीच लिहिली आहे.

संध्याकाळी बाबांना विचारलं, किचनच्या दराचं तुम्ही मला सांगितलं का नाही.

"तू विचारलंस कुठे? आकडा ऐकलास आणि गेलीस आत, लिहायला."

शीटबद्दल मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. आईही नाही, तिला विचारून झालं. मग त्यांनीच विचारलं, किती ओळी झाल्या. म्हटलं, चौदा.

"गॅसची धरून?"

"धरून."

ते बरं म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

गॅस दोनदा चालू राहिला होता. ती ओळ राहणारच, त्यावर काकांना फोन करून काही बदलणार नाही. पण उरलेल्या तेरा ओळी मी कालपासून पुन्हा वाचते आहे आणि 'कशावरून' या रकान्यापाशी अडते आहे. यातल्या किती ठिकाणी ते विसरले आणि किती ठिकाणी मी विचारलं नाही, हे मला कळत नाही. आणि शनिवारी डॉक्टर या शीटवरून ठरवणार आहेत.

एक ओळ तरी नीट तपासता येईल, म्हणून ही पोस्ट. बाबांनी ती वाचली आहे. एका ठिकाणचा 'म्हातारे' हा शब्द काढायला लावला, बाकी हरकत नाही म्हणाले.

त्या काळात बंगळूरहून ट्रेनिंगसाठी रशियाला गेलेल्या बॅचमध्ये तुम्ही, तुमचे आई-वडील किंवा ओळखीचं कोणी असेल, आणि जुन्या डायरीत, पत्रात असा किचनमध्ये ठरलेला दर लिहिलेला असेल, तर मला तो आकडा, महिना आणि वर्ष कळवा. कागदाचा फोटो मिळाला तर उत्तमच. नावं, रकमा नकोत.

बाबांचा आकडा मी इथे मुद्दाम लिहिलेला नाही. तो वाचून तुमची आठवण बदलायला नको.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत मेसेज करा. नुसतं आठवत असेल, कागद नसेल... तरीही करा. कशावरून, ते मी विचारेन.