पोत्यांमागून ऐकलेली ओनाकाकू

ओनाकाकू गेली हे मला तिला पुरून झाल्यावर कळलं. चुलतभाऊ शंकर लोहाऱ्याहून सोलापूरला बाजाराला आला होता. घरी डोकावला, चहा घेतला आणि कपबशी खाली ठेवता ठेवता म्हणाला, "ओनाकाकू गेली की गं अक्का... मागच्या आठवड्यात." मी म्हटलं, "आणि मला कळवलं नाहीस?" तर म्हणाला, "कळवून काय करणार हुतीस? घरचेच हुतो आमी. शेताच्या बांधाला पुरलं. आपल्या लिंगायतांच्या रुद्रभूमीत न्यायचं तर तिची लिंगदीक्षा कुठं झाली हुती?" पुढं कुठल्याशा पेपरात दोन ओळी आल्या. 'मूकपटांतील रशियन नटीचे निधन.' आयुष्यभर ती लोकांना सांगत राहिली, "रशियन न्हाय. लिथुआनियाची." मेल्यावरही कुणी ऐकलं नाही.

माझे काका डॉक्टर. शिकायला मुंबईला गेले आणि येताना ही गोरीपान, निळ्या डोळ्यांची बायको घेऊन आले. आमचं घर लिंगायत व्यापाऱ्यांचं, घरात निम्मी कानडी आणि निम्मी मराठी. कानडीत ओणी म्हणजे गल्ली. ओना हे नाव ऐकून आजी कपाळाला हात लावून म्हणाली होती, "पोरानं गल्लीच उचलून आणली की घरात!" ओना सोळा-सतरा वर्षांची असताना एका नाच करणाऱ्या मंडळीबरोबर बोटीनं मुंबईत उतरली. मंडळी मोडली आणि ही तिथंच राहिली. तेव्हा सिनेमा मुका होता, म्हणून तिचं चाललं. मिस तारका या नावानं ती राजकन्या झाली, अप्सरा झाली, घोड्यावर बसली. मग सिनेमा बोलू लागला. तिच्या तोंडून 'प्राणनाथ' नीट निघेना, सगळा स्टुडिओ हसला आणि राजकन्येची दासी झाली, दासीची गर्दीतली बाई झाली. पाय मुरगळून दवाखान्यात आली तेव्हा काका भेटले. त्यांनी तिचे जुने सिनेमे पाहिले होते... मला वाटतं, त्यांचं लग्न त्या पडद्यावरच्या राजकन्येशीच झालं होतं.

निजामाच्या राज्यातल्या आमच्या लोहाऱ्यात मात्र ती बोलायला शिकली, आणि तेही अस्सल आमच्यासारखं. तिच्या देशावर रशियानं कब्जा केल्याची बातमी आली तेव्हा ती पेपर मांडीवर ठेवून बसली होती. काकांनी काय झालं विचारलं तर म्हणाली, "माजा देश गेला. आता म्या बी तुमच्यावानी निजामाची रयत."

पुढं रझाकारांचे दिवस आले. काका निजामाच्या हद्दीपलीकडं, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या मुलखात, रझाकारांशी लढणाऱ्यांच्या कॅम्पवर निघून गेले. मी तेव्हा लग्नाच्या वयाची. एका सकाळी शेजारची हमीदाचाची मागच्या दारानं धावत आली. "लारी आरी! पोरियाँ को छुपाव!" रझाकारांची लॉरी येत होती. गल्लीतल्या आम्ही पोरी, बाया, आजीसुद्धा आमच्या कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागं दाटीनं बसलो. ओनाकाकूला सगळ्यांनी आत ओढायला बघितलं, पण ती आली नाही. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेरून कडी लावताना तिच्या अंगातला जुना, मडमेसारखा झगा मला फटीतून दिसला. नंतर दिसलं काहीच नाही, फक्त ऐकलं.

अंगणात बुटांचा आवाज झाला. कुणीतरी दरडावलं, "डाक्टर किदर है?" काकू इंग्रजीत काहीतरी ठसक्यात बोलली. मग तो दरडावणारा आवाज एकदम वेगळा झाला. "अरे, ये तो मिस तारका! मैं गुलबर्गे में देख्या था, तंबू के सिनेमा में!" सगळे हसले. "जरा नाच के बताव ना बाई. नै तो हम घर देखते." आमच्या खोलीच्या दारावर कुणीतरी दांडकं आपटलं. माझ्याशेजारी बसलेल्या, गल्लीतल्याच शिवलीलानं माझ्या तोंडावर हात दाबला.

काकू नाचली. वाद्य नव्हतं, गाणं नव्हतं. मुरमाच्या अंगणात तिचे अनवाणी पाय तेवढे वाजत होते. मध्येच थांबायचे, वाटायचं संपलं, आता दार उघडेल... आणि पुन्हा वाजायचे. शेवटी टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, लॉरी निघून गेली. काकूनं दार उघडलं. घामानं झगा अंगाला चिकटला होता, तळपाय रक्तानं भरले होते. म्हणाली, "चला. गेले."

एकाही बाईनं तिला पाणी दिलं नाही. दाराआडून बघणाऱ्या गल्लीला दिसली होती फक्त परक्या पुरुषांपुढं नाचणारी बाई. संध्याकाळी आजीनं तिला देवघराच्या उंबऱ्यावर अडवलं, आणि ती आजी पोत्यांमागं माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती! पुढं पोलीस अ‍ॅक्शन झाली, वारं फिरलं आणि हमीदाचाचीच्या दारात लोक काठ्या घेऊन आले. तेव्हा काकूनं चाचीला त्याच पोत्यांमागं बसवलं. मग तर गल्लीला हवं ते मिळालं. "म्हनलं नव्हतं? रझाकारांचीच ती."

काका गळ्यात हार घालून परत आले. गल्लीनं त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते तिला विचारत होते, "काय झालं त्या दिवशी?"

"नाचले."

"अन् मग?"

काकूनं त्यांच्याकडं बघितलं, उठली आणि दवाखान्यामागच्या खोलीत गेली. पुढं ती तिथंच राहिली. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, आमी आत होतो. आमी ऐकलंय सगळं. फक्त नाच झाला." ते म्हणाले, "ऐकलंस ना? बघितलं तर न्हाईस?"

त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून ताम्रपट मिळाला. दर झेंडावंदनाला कॅम्पच्या गोष्टी सांगत ते म्हातारे झाले आणि गेले. त्या गोष्टींत ओनाकाकू कधीच आली नाही. शिवलीलाचं लग्न चांगल्या घरी झालं, आता नातवंडं आहेत. परवा लोहाऱ्याला गेले तेव्हा तिला म्हटलं, "निदान तू तरी सांग लोकांना." पदर सारखा करत ती म्हणाली, "सुना हायत घरात माज्या. कशाला उगं जुनं..."

शंकरनं काकूच्या खोलीत खताची पोती लावलीत. त्याच फेरीत मी आणि शंकर त्याच्या ओसरीवर बसलो होतो. काकूची एक सवय होती. दाराशी कुठलीही गाडी थांबली, मग ती पिठाची असो नाहीतर लग्नाची, की ती हातातलं टाकून उठायची आणि दारात जाऊन उभी राहायची, दोन्ही हात चौकटीला लावून. गाडी जाईपर्यंत कुणाला बाहेर येऊ द्यायची नाही. पोरं तिची नक्कल करून हसायची.

बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबला. शंकरची सून चहा गाळत होती, नात अभ्यास करत होती. मी दाराकडं बघत राहिले... कुणीच उठलं नाही.