दुपट्ट्याखालचा सौदा

माझ्या वडिलांचा उजवा हात थरथरायचा. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, बाबांनी थंडी सांगितली. भर वैशाखातही ते थंडीच सांगत. बशीतला निम्मा चहा धोतराला मिळायचा आणि आईने पेला पुढे केला की ते रुसून बसायचे. सदऱ्याच्या गुंड्या लावायला कुणी गेलेलं त्यांना खपत नसे, त्यामुळे अर्धी सकाळ त्या गुंड्यांतच जायची.

एका उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. आमचा एक बैल थकला होता, दुसरा घ्यायचा होता. आई म्हणाली, "औंदा भाऊजींले पाठवू बाजारात."

"काऊन? म्या मेलो का?" बाबा भडकले. "मंग मले खाटेलेच बांधून ठेव."

शेवटी तह झाला. या खेपेला बाबा जातील, सोबत मी जाईन, आणि सौदा बिघडला तर पुढचे सगळे बाजार काकांचे. एसटीत बाबा धाड गावच्या बाजारापर्यंत उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते.

त्या काळी बैलाचा भाव कुणी तोंडाने बोलत नसे. दलाल हातांवर दुपट्टा टाकायचा आणि त्याच्या आड बोटं दाबून आकडा सांगायचा-ऐकायचा. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागता कामा नये, ही त्यातली खरी मजा.

बाबांना एक तांबडा बैल आवडला. मी घाबरून म्हटलं, "बाबा, तुमचा हात..."

"तू बैलाकडे पाह्य."

दुपट्टा पडला. दलालाच्या भुवया वर गेल्या. त्याने जाऊन बैलवाल्याची बोटं दाबली, तो आ वासून बघत राहिला. खात्री करायला दलालाने पुन्हा बाबांचा हात धरला, तर भाव आणखी चढलेला. गिऱ्हाईक आपण होऊन भाव वाढवतंय, हे त्या बाजाराने कधी पाहिलं नसावं.

बैलवाला खूश व्हायचा सोडून घाबरला. त्याने स्वतःच्याच बैलाचे दात पाहिले, खूर पाहिले, शेपटी उचलून पाहिली.

"याले म्या लहानाचा मोठा केला," तो दलालाला म्हणाला. "मले दिसलं नाही असं काय दिसून राह्यलं या मानसाले? मले इकाचाच नाही." आणि तो खुंट्याचा दोर सोडू लागला.

मला हसू आवरेना आणि रागही येत होता, बाबांचा आणि त्या मेल्या दुपट्ट्याचा. आता काकाच येणार, हे बाबांनाही कळलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी दुपट्टा ओढून बाजूला फेकला आणि तो हात सगळ्या बाजारासमोर वर धरला.

"बैलात काही नाही बे. माहा हातच असा हाय. बिमारी हाय मले." आणि खड्या आवाजात त्यांनी आपला भाव सांगितला. पलीकडे गूळ विकणारीनेही वळून पाहिलं. दलालाने कपाळाला हात लावला.

बैलवाल्याने जरा विचार केला, मग "हाव" म्हणाला. सौदा पक्का करायला त्याने बाबांचा तोच हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याला दया आली असावी, कारण तो सोडेचना. मलाही भरून आलं.

बाबांना काही आलं नाही. "सोड बे आता," ते म्हणाले. "मले बैल धरा लागते."