पुसट ठिपक्यांमागचा हरेश्वर

हरेश्वर गेल्याचा फोन कॉलेजच्या ऑफिसात आला, तेव्हा मी मुलांची जर्नल्स तपासत होतो. पालघरहून दांडीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले...

दांडीच्या कोळीवाड्यातला हा माझा शाळासोबती बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होता. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे लांबून बघत राहिले. हा जाडजूड पुस्तक घेऊन त्याच्यापुढे बसला. पुण्यातला माझा एक मित्र दुर्बिणीतून काढलेल्या आकाशाच्या फोटोंवर काम करायचा. फोटोच्या काचेच्या प्लेटवरची प्रत्येक जागा किती काळी, म्हणजे तिथे किती प्रकाश पडला, याचे आकडे त्यानं मला फ्लॉपीवर दिले होते. अगदी पुसट आकाशगंगा डोळ्यांना सापडत नाहीत, असं मी हरेश्वरला सहज बोललो. त्यानं फ्लॉपी मागून घेतली, आणि मालकांच्या परवानगीनं सुट्टीच्या दुपारी तो प्रोग्रॅम लिहू लागला.

मी बरेचदा शेजारी बसायचो. प्रोग्रॅम आधी फोटोचे छोटे चौकोन पाडायचा, प्रत्येक चौकोनात रिकामं आकाश किती उजळ आहे ते काढायचा आणि तेवढं वजा करायचा. उरलेल्यात एकमेकांना चिकटून जरा जास्त उजळ असलेले ठिपके धरायचा, त्यांचा प्रकाश मोजायचा. एकदा त्याच्या आईनं छापलेला कागद उलटसुलट करून पाहिला. "यात काय हाय? मला तर नुस्ता कचरा दिसतो."

"त्या कचऱ्यातच हाय, आई," तो म्हणाला.

एका रविवारी प्रोग्रॅमनं कुठल्याच यादीत नसलेला एक लांबट डाग पकडला. पुण्याचा मित्र हरखला. लगेच छापायला पाठवू म्हणाला. मीही मागे लागलो. हरेश्वर मात्र अडून बसला. "त्याच जागेची दुसरी प्लेट असेल ना? ती बघूया."

"आणि तोवर दुसऱ्या कुणाला सापडला तर?"

"सापडू दे. असेल तर तो असणारच."

दुसरी प्लेट यायला पावसाळा गेला. तिच्यावर त्या जागी काही नव्हतं. पहिल्या काचेवर ओरखडा होता, एवढंच. वाईट वाटलं का, असं मी विचारलं. "वाटलं," तो म्हणाला, "पण कळलं तरी." मग त्यानं दोन्ही प्लेटांवर दिसेल तेच धरायचं, असा बदल केला. त्यातून तीन नव्या, अतिशय फिकट आकाशगंगा निघाल्या. पुण्याच्या मित्राच्या लेखात, शेवटी आभारांत, त्याचं नाव आलं. त्यानं ते आईला वाचून दाखवलं.

परवा सुनंदावहिनींनी, त्याच्या बायकोनं, त्याच्या कपाटातली फ्लॉपी मला दिली. प्रोग्रॅम मित्राला पाठवायचा म्हणून मी फाइल उघडली. वाटलं, वर त्याचं नाव असेल. नाव कुठेच नव्हतं. पहिल्या ओळीपासून, इंग्रजी अक्षरांत पण मराठीतून, प्रोग्रॅम कुठे चुकतो ते लिहिलं होतं. ठळक ताऱ्याशेजारचं याला दिसत नाही. दोन जवळजवळ असले तर हा एकच समजतो. खाली आणखी बरंच. आणि शेवटी : 'याने नाही म्हटले, म्हणून तिथे काही नाही असे समजू नये.'