सुयांचा लॉट

मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोणी वाहून मी वर आलो आणि महामार्गालगत शेड टाकून औषधाची पावडर शुद्ध करून द्यायचं काम घेतलं. पुण्याची एक गोळ्या बनवणारी कंपनी कच्चा माल पाठवायची. तो गरम अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, गाळायचा आणि टाकी थंड करून त्याचे स्फटिक पाडायचे. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. हे काम सुटलं की शेडला कुलूप.

टाकीवर घाटघरचा एक ऑपरेटर होता, वयाने माझ्याहून मोठा. टाकी थंड करायला तो अख्खा दिवस लावायचा. गार पाण्याचा व्हॉल्व्ह जरासा उघडायचा, मागच्या लॉटमधली मूठभर पावडर आत सोडायचा आणि स्टुलावर बसून राहायचा. बसलेला माणूस मला बघवत नाही. एका सकाळी मी त्याला सगळ्यांदेखत झापलं, ड्रम धुवायला पाठवलं आणि व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने पूर्ण उघडला. जेवणाच्या सुट्टीआधी माल तयार! वजन तेवढंच, पण ड्रम नेहमीपेक्षा किती तरी जास्त भरले. फुगलेली गोण बघून खूश व्हायची सवय जुनी. मी पेढे वाटले.

आठवड्याने सगळे ड्रम परत आले. सोबत कंपनीच्या तपासणी विभागातल्या बाई. त्यांनी काचेच्या नरसाळ्यात माझी पावडर ओतली. खाली कणभरही पडली नाही.

“शुद्धतेत खोट आहे का?” माझा आवाज चढला.

“अजिबात नाही. पण हे सुयांसारखे स्फटिक आहेत. एकमेकांत अडकतात, गोळीच्या साच्यात उतरत नाहीत. आम्हाला नेहमीसारखे जाड, सुटे दाणे हवेत.”

“औषध तेच ना? चाळून देतो.”

“चालणार नाही.”

“बरं, निम्मा तरी ठेवा.”

“साहेब, हा कांदा नाही.”

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. कांद्यातलं त्यांना काय कळतं? पण त्या पुढे म्हणाल्या, “हाच माल पुन्हा विरघळवून करा. परत सुया आल्या तर काम दुसरीकडे जाईल.”

मी ड्रम धुण्याच्या जागी गेलो. ऑपरेटर आठवडाभर तिथेच होता.

“भाऊ, दाणे कसे यायचे तुमच्या हातून?”

“एकदम गार केलं की समदं घाईनं जमतं, त्याच्या सुया व्हत्यात. हळू गार केलं की टाकलेल्या जुन्या दाण्यावर थर चढत जातो. मी काय स्टुलावर झोपा काढीत व्हतो का, शेठ?”

“मग अर्ध्या दिवसात होईल?”

“नाय.”

“पाऊण?”

“नाय. आन् टाकी चालू असली की तुमी शेडात पाय ठेवायचा न्हाई.”

पहिल्या बोलीला मी आयुष्यात कधी हो म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. दिवसभर वजनकाट्यावर बसून राहिलो. खिडकीतून तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्याने खिडकीच लावून घेतली.

लॉट पास झाला, काम टिकलं. बाईंचा फोन आला, ऑपरेटरला शाबासकी कळवा म्हणून. कळवली.

अट त्या एका लॉटपुरती आहे, अशी माझी समजूत होती. ठरवताना तेवढं विचारायचं राहून गेलं. माझ्याच शेडात शिरायला मी आजही बाहेर ताटकळतो.