सातावरून पाचावर आणलेलं लग्न

देवाजी मास्तरांनी आपल्या सुनेला फसवलं. ती आपली सून नव्हतीच, असं त्यांनी तालुक्याच्या कोर्टात ठरवून घेतलं आणि त्यासाठी माझं तोंड वापरलं. लग्न मी लावलं होतं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही मीच उभा होतो.

मी बौद्धाचार्य. बौद्धाचार्य म्हणजे चीवर घातलेला भिक्खू नव्हे. तो घरसंसाराचाच माणूस असतो. लग्न, नामकरण आणि अंत्यविधी लावतो, पौर्णिमेला विहारात चार शब्द बोलतो. पोटासाठी माझी लाखनीच्या रस्त्याला कवेलूची, म्हणजे छपराच्या कौलांची, भट्टी होती. बाप दुसऱ्याच्या भट्टीवर माती तुडवत मेला. मीही तिथूनच सुरुवात केली आणि स्वतःची भट्टी उभी केली, ती घासाघीस करून. गिऱ्हाईक एक आकडा बोलायचं, मी दुसरा, आणि माल मधल्या आकड्यावर गाडीत चढायचा. ही सवय मी मांडवातही घेऊन गेलो. माझी चूक एवढीच, पण ती लहान नव्हती.

गोष्ट सत्तरनंतरच्या वर्षांतली आहे. दीक्षेला अजून वीस वर्षं झाली नव्हती. लग्नाची नवी पद्धत पुस्तिकेत छापलेली होती आणि जुनी पद्धत म्हाताऱ्यांच्या अंगात होती. म्हाताऱ्यांना हळद, अक्षता, फेरे, सगळं हवं असायचं. शिकलेल्या पोरांना त्यातलं काहीच नको. मी मध्ये बसून सौदा करायचो. हळद लावा, पण देव बसवू नका. अक्षता नको, फुलं उधळा. करडी गावाला एक ठरायचं, सानगडीला दुसरं. लग्न लागायचं, पंगत उठायची. मला वाटायचं, आपण किती शहाणे.

सुमनचं लग्न सानगडीला तिच्या आजीच्या अंगणात होतं. आईबाप लहानपणीच गेलेले, सोनाबाई आजीनेच तिला वाढवलं. नवरा अशोक. त्याचे वडील देवाजी मास्तर लाखनीकडच्या एका खेड्यात हेडमास्तर होते. पांढरं धोतर, स्वच्छ बोलणं, दीक्षेपासून चळवळीत. मांडवात ऐन वेळी सोनाबाई अडून बसली. सात फेरे पाहिजेत. मास्तर म्हणाले, एकही नाही, ते सारं आपण सोडलं.

सोनाबाई म्हणाली, "माह्या मायचे सात झाले, माहे सात झाले, हिच्या मायचे झाले. सात झाल्याबिगर पोरगी उठत नाई."

पाहुणे उन्हात खोळंबले होते. मी सौद्याला बसलो.

"आजी, सात कायले? आपले शील पाच. पाच फेरे घे. एका फेऱ्याले एक शील."

"पाचानं लग्न होते का?"

"होते. मी लावून राहिलो ना."

मास्तरांना पाच फेरे पटले, कारण त्यांत शील होतं. सोनाबाईला पटले, कारण त्यांत फेरे होते. मांडवाच्या मधल्या खांबाभोवती पोरं पाच वेळा फिरली. दर फेऱ्याला मी एक शील म्हणायचो, ती दोघं माझ्यामागून म्हणायची. मग मास्तरांनी लाऊडस्पीकर हातात घेतला आणि सांगितलं, की हा पंचशील विवाह आहे, सगळ्या जिल्ह्याने याचा आदर्श घ्यावा. टाळ्या पडल्या. मी पागोटं सावरलं.

पुढची दोन वर्षं धान बुडालं. तलावाच्या पोटात गुरं चरायला लागली. पहिल्या वर्षी सोनाबाईने बियाण्यासाठी राखलेलं धान बैलगाडीत घालून मास्तरांकडे पाठवलं, पोरीच्या पोटात दोन घास जातील म्हणून. दुसऱ्या वर्षी पोरगीच परत आली. मास्तरांचा पगार चालू होता. तरी त्यांनी निरोप दिला, पाणी पडलं की घेऊन जाऊ.

त्या दिवसांत मी विहारात दर पौर्णिमेला कृतज्ञतेवर बोलत असे. उपाशी माणसाला कृतज्ञता सांगणं सोपं नाही. कोणी म्हणायचं, आचार्यजी, कृतज्ञता शिजवून खाता येते का? मी सांगायचो, ज्याने पेजेतली अर्धी पेज दिली त्याला आठव. ज्याच्या विहिरीत पाणी उरलं होतं आणि ज्याने दोर आवरून ठेवला नाही, त्याला आठव. धम्मावरची श्रद्धा म्हणजे वर कोणाकडे तरी हात पसरणं नव्हे. शेजारच्याने आपल्याला जगवलं, हे न विसरणं म्हणजे श्रद्धा. सुमन आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. हाताला चिंध्या बांधून ती मागे बसायची आणि ऐकायची.

मग पाणी पडलं, रोवणी झाली, धान कापलंही. कोणी आलं नाही. अशोकला नागपुरात नोकरी लागली होती आणि त्याने तिथल्या साहेबाच्या पुतणीशी लग्न केलं होतं. ही बातमी सानगडीच्या बाजारात आधी पोचली आणि सुमनपर्यंत नंतर. ती विहारात आली. रडली वगैरे नाही.

"लोक म्हन्तेत, ठेवली होती. तुमी सांगा आचार्यजी, मी कोन आहो?"

मी म्हणालो, तू अशोकची बायको आहेस.

"मंग हेच कोर्टात सांगा."

बायको असताना दुसरं लग्न करणं गुन्हा आहे. तशी केस लागली. अशोकचा जबाब एका ओळीचा होता, की पहिलं लग्न झालंच नाही. आमच्या तरुण वकिलाने मला समोर बसवून कायदा सांगितला. पहिलं लग्न कायद्याने पुरं झालं होतं, हे सिद्ध झालं तरच दुसरं गुन्हा ठरतं. सिद्ध करायला दोन वाटा. एक, जातीची जुनी रीत. तिच्यात सातव्या फेऱ्याला लग्न पुरं होतं. दुसरी, बौद्ध पद्धत. पण कोर्ट तिला रूढी तेव्हाच मानेल, जेव्हा ती जुनी असेल आणि सगळीकडे एकसारखी असेल.

मी विचारलं, "आणि पाच फेरे?"

त्याने पेन खाली ठेवला. "पाच तुम्ही आणले कुठून?"

मी ते सातावरून उतरवून आणले होते.

लग्नात जेवलेले दोनशे लोक तरी होते. साक्षीला कोणी तयार होईना. मास्तरांच्या गावच्या लोकांची पोरं मास्तरांच्या शाळेत होती. सानगडीचे लोक म्हणाले, आम्ही पंगतीत होतो, फेरे कोणी पाहिले? उरलो मी आणि सोनाबाई. तारखेच्या दिवशी स्टँडवर बसची वाट पाहताना तिने माझी बाही धरली.

"बापू, सात म्हन."

"पाच झाले, आजी."

"मले मालूम आहे. मीच मोजत होती. म्हनून तं सांगून राहिली."

खरं सांगतो, मी सात म्हणायचं ठरवलं होतं. भट्टीवर मी कच्च्या कवेलूला पक्का म्हटलं आहे आणि मला झोपही लागली आहे. एका पोरीसाठी दोन फेरे वाढवायला माझं काय जात होतं?

कोर्टात कारकून ईश्वराची शपथ घ्या म्हणाला. मी म्हणालो, आम्ही ईश्वर मानत नाही, प्रतिज्ञा घेतो. त्यावर आमचं जुंपलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी मला प्रतिज्ञा दिली आणि आवाज खाली ठेवायला सांगितलं. आमच्या वकिलाचे प्रश्न झाले. त्याने मुद्दामच आकडा विचारला नाही. मग समोरचा वकील उलटतपासणीला उठला. मला वाटलं, हा धमकावेल. तो गोड बोलला.

"पहिल्या फेऱ्याला कोणतं शील दिलं?"

मी सांगितलं. दुसऱ्याचं विचारलं, तिसऱ्याचं विचारलं. मी सांगत गेलो.

"चौथ्याला मुसावादा वेरमणी. म्हणजे काय?"

"खोटं बोलणार नाही."

"हे कोण म्हणालं?"

"नवरानवरीनं. माझ्यामागून."

"म्हणजे आधी तुम्ही म्हणालात. बरं. मग आता सांगा, सगळे मिळून फेरे किती झाले?"

मुसावादा हा शब्द त्याच्या तोंडात नीट बसत नव्हता. तो शिकवून पाठवलेला शब्द होता. मी मागच्या बाकाकडे पाहिलं. देवाजी मास्तर बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. वर्गात पोरगा पाठ केलेलं म्हणतो, तेव्हा मास्तरांचे हलतात तसे. माझं कुठे दुखतं, हे त्यांनाच ठाऊक होतं. हजारो लोकांना मी ते शील दिलं आहे. मी सात म्हणायला तोंड उघडलं आणि पाच निघालं.

त्यानंतर माझा तोल गेला. मी मास्तरांकडे बोट करून ओरडलो, "तुमीच तं लाऊडस्पीकरवर बोलले ना, पंचशील विवाह म्हनून?" साहेबांनी टेबलावर हात आपटला आणि मला बाहेर काढायची ताकीद दिली. माझं ते वाक्य कोणी लिहून घेतलं नाही. पाच मात्र लिहिलं गेलं. सोनाबाईने सात सांगितले. आचार्य एक सांगतो आणि आजी दुसरं, म्हणून तेही पाण्यात गेलं.

निकालात साहेबांनी लिहिलं, की हे फेरे जुन्या रीतीत बसत नाहीत, कारण ते सात नाहीत. नव्या पद्धतीत बसत नाहीत, कारण तिच्यात फेरेच नाहीत. पहिलं लग्न शाबीत होत नाही. आरोपी सुटला. मी एकही फेरा घेतला नसता तर निदान आमच्या पद्धतीवर उभं राहून भांडता आलं असतं. सात घेतले असते तर केस जिंकलीच होती. मधला आकडा माझा होता.

बाहेर सोनाबाई माझ्याशी बोलली नाही. मरेपर्यंत बोलली नाही. सुमन बोलली.

"खरं तुमी बोलले. त्याचं ओझं माह्यावर आलं."

तिचं चूक नव्हतं. मी मान खाली घालून बसस्टँडवर गेलो. दुसऱ्या दिवशी माझ्या भट्टीवरून मास्तरांच्या नव्या घरासाठी कवेलूची गाडी निघाली होती. ती मी अर्ध्या रस्त्यातून परत आणवली. त्याने काही झालं नाही. त्यांनी दुसरीकडून कवेलू घेतले.

तेव्हापासून मी मांडवात सौदा करत नाही. पुस्तिकेत आहे तेवढंच, तसंच. म्हातारी अडून बसली तर मीही अडून बसतो. रजिस्टर ठेवलं आहे. त्यात नवरानवरीची आणि दोन्हीकडच्या मिळून चार साक्षीदारांची सही किंवा अंगठा झाल्याशिवाय पंगत बसत नाही. लोक मला हट्टी म्हणतात. माझ्याकडे आता त्या रजिस्टरांची थप्पी आहे आणि तिच्यातली एकही मुलगी परत येऊन मला 'मी कोण' असं विचारत नाही.

सुमन अजून सानगडीला आहे. रोवणीला जाते, घरी म्हैस आहे. दर पौर्णिमेला विहारात येते. चौथ्या शीलाला तिचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. एकदा मी तिला म्हणालो, तुझं मन मोठं आहे. ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाई म्हनत मी." तिच्या या बोलण्याचा मला राग आला नाही. उलट त्या दिवशी मला कृतज्ञतेचा अर्थ थोडा अधिक कळला. जिचं माझ्या तोंडाने नुकसान झालं, ती माझ्यामागून अजून शील म्हणते. त्यावर माझा हक्क काही नाही. तरी ते मला मिळतं.

कृतज्ञतेवर मी अजून बोलतो. पण आता नावं घेऊन बोलतो. सोनाबाईने बियाण्याचं धान कोणाच्या घरी पाठवलं, कोणी ते शिजवून खाल्लं, आणि वर्षभरात कोणी तिची नात परत पाठवली, हे सांगतो. विहाराच्या कमिटीने मला समज दिली आहे, की नावं घेऊ नका. कारण असं, की रिटायर झालेले देवाजी मास्तर आता कमिटीचे अध्यक्ष आहेत, आणि या बुद्धजयंतीला सानगडीला त्यांचं व्याख्यान ठेवलं आहे. विषय कृतज्ञता.

तर मास्तर, मी तिथे असेन. व्याख्यानाआधी उपस्थितांना पंचशील मीच देणार आहे, आणि चौथं तुम्हाला माझ्यामागून मोठ्याने म्हणावं लागेल. सुमन पहिल्या रांगेत बसेल. लाऊडस्पीकर तुमच्या हातात असेल, त्या दिवशी होता तसाच. तुम्ही टाळ्या घेतल्या, ते लग्न नव्हतं तर काय होतं? तिच्याकडे पाहून सांगा. मग कृतज्ञतेवर बोला.