समदे म्हंजी कोण?

आमच्याकडे आवतणाचे दोन प्रकार. ‘उंबऱ्याला एक’ म्हणजे घरातून एकानं जेवायला जायचं. ‘चूलबंद’ म्हणजे घरातल्या झाडून साऱ्यांनी; त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही.

राजगडाच्या पाठीमागे डोंगरावर आमचा धनगरवाडा होता आणि गाव खाली खोऱ्यात. माझं नुकतंच लग्न झालं होतं. त्या साली गावानं भैरोबाचं देऊळ नव्यानं बांधायला काढलं. दवंडीवाला डफ वाजवत वरपर्यंत आला. “समद्यांनी लाकडं वढाया यावं होऽऽ!”

आम्ही गेलो. रानातून तुळया खाली उतरवताना खांदे सोलून निघाले. माझी बायको इतर बायांबरोबर दगड वाहत होती. तेव्हा आम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारलं नाही.

देऊळ उभं राहिलं आणि पुन्हा दवंडी आली. “समद्यांना चूलबंद आवतन होऽऽ!” आईनं सकाळीच राख काढून चूल सारवून टाकली. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, सगळे डोंगर उतरलो. पंगतीत बसलो. लापशीचा वास येत होता. एवढ्यात पाटलांचा भाऊ वाढप्याला आडवा आला.

“धनगरांनी उठा. समदे म्हंजी गावातले समदे. तुमचं मागनं बघू, उरलं तर.”

आई विधवा बाई, चारचौघांत कधी न बोलणारी. ती म्हणाली, “आन् लाकडं वढताना समदे कोन हुते?”

पलीकडे कुणीतरी हसलं. पाटील समोरच होते. ते दुसरीकडे बघू लागले. आईनं पुढ्यातली पत्रावळ उलटी घातली आणि उठली. तिच्यामागे आम्ही सारे उठलो. भुकेली पोरं वाटभर रडत होती. भर दुपारी आईनं ती सारवलेली चूल पुन्हा पेटवली. माझं तर डोकं भणभणत होतं. कामाला समदे आणि ताटाला गावातले समदे! एकाच तोंडचा एकच शब्द, आणि त्यांना पाहिजे तेव्हा तो असा आकसायचा.

भात निघाल्यावर गव्हाच्या पाण्यासाठी ओढ्याला बांध घालायचा होता. दवंडी आली, “समद्यांनी यावं.” आमच्यातलं कुणी हललं नाही. दोन दिवसांनी पाटील स्वतः डोंगर चढून आले. आईनं त्यांना घोंगडं टाकलं, दूध दिलं, मग विचारलं, “पाटील, समदे म्हंजी कोन?”

“झालं गेलं सोडा आता. मानसं लागत्यात.”

“लागत्यात ना? मंग दवंडीत आमचं नाव घ्या. कामाला बी आन् जेवनाला बी.”

पाटलांनी दूध संपवलं, पेला खाली ठेवला. शेवटी “बरं” म्हणाले. दुसऱ्या दिवशी दवंडीवाला आला तो हसतच. “गावानं आन् धनगरवाड्यानं, समद्यांनी यावं होऽऽ!” त्यानं ते आमच्यासाठी दोनदा म्हटलं. आम्ही बांध घातला.

पुढच्या उत्सवाला आमचं नाव घेऊन चूलबंद आवतण आलं; आम्ही पंगतीत बसलो, कुणी उठवलं नाही. आई खूश होती. तेवढ्यात तिची नजर देवळाच्या कुंपणापलीकडे गेली. दवंडीवाला बायकापोरं घेऊन उन्हात उभा होता. घर गावकुसाबाहेर, म्हणून त्याला पंगत उठल्यावर वाढायचं. ज्याच्या घशातून गावाला ‘समदे’ ऐकू यायचं, तोच त्यात नव्हता!

आईनं पाटलांना हाक मारली. “दवंडीवाला बसला न्हाई अजून.”

“त्याचं येगळं असतंय, बाई.”

“कसं येगळं? चूल त्यानं बी इझवली असंल की.”

पाटील पुढं निघून गेले. आमच्या वाड्यातलाच एक म्हातारा आईवर खेकसला, “आपल्याला बसवलंय ना? गप जेव.” त्याचा मला पाटलांपेक्षा जास्त संताप आला, आणि अजून येतो.

वाढपी आमटी घेऊन आला. पंगतीच्या टोकाहून कुणीतरी रिवाजाप्रमाणे मोठ्यानं म्हणालं, “समद्यांनी सावकाश होऊ द्या.”